ताट रिकामं परत करायचं नाही

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसतेय. निमित्त झालं धाकट्या भावाच्या फोनचं. मी त्याला न्यू जर्सीतल्या माझ्या मुलाच्या शेजारच्या आजींबद्दल सांगत होते. पॅलेस्टिनी कुटुंब, त्यांचं अगत्य, त्यांच्या घरचं जेवण, सगळं. नेहमीप्रमाणे जरा जास्तच सांगत होते म्हणा. आमचा भाऊ सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि शेवटी एकच वाक्य टाकतो. म्हणाला, "ताई, हे सगळं ठीक आहे गं. पण भात शिजवून कुणाचा देश परत आलाय का?"

फोन ठेवला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. तेहतीस वर्षं मुलांना इतिहास-भूगोल शिकवला. उत्तर सुचलं नाही की मला झोप लागत नाही. म्हणून हा लेख. भाऊराया, तू हे वाचणार आहेस हे ठाऊक असूनच लिहितेय.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. मुलाचं घर पॅटरसन शहराला लागून आहे. पॅटरसन म्हणजे एके काळची अमेरिकेची रेशीमनगरी. गिरण्या होत्या तेव्हा जगभरातून कामगार आले, गिरण्या गेल्या तरी माणसं येत राहिली. शहराच्या दक्षिण भागात पॅलेस्टिनी वस्ती इतकी मोठी आहे की २०२२ साली तिथल्या मेन स्ट्रीटच्या एका भागाला 'पॅलेस्टाइन वे' असं नाव मिळालं. त्या रस्त्यानं चालताना भाजलेल्या पावाचा, वेलची घातलेल्या कॉफीचा आणि पाकाचा असा मिश्र वास येतो. पाट्या अरबीत. एका दुकानात ऑलिव्ह तेलाचे मोठमोठे पत्र्याचे डबे रचून ठेवलेले. आपल्याकडे गोडेतेलाचे असायचे ना, अगदी तसेच.

२०१८ साली मी पहिल्यांदा मुलाकडे गेले तेव्हा दुसऱ्याच दिवशी दारावरची बेल वाजली. दारात माझ्याच वयाच्या एक बाई, डोक्याला पांढरा रुमाल, हातात झाकलेलं ताट. बरोबर आठ-नऊ वर्षांची नात, दुभाषी म्हणून. ताटात कुनाफा होता, वरून पिस्त्याची पूड. नात म्हणाली, "माझी सित्ती म्हणते, तुम्ही लांबून आलात." सित्ती म्हणजे आजी.

दोन दिवसांनी मी ते ताट परत केलं ते साखरभात घालून. रिकामं भांडं परत देऊ नये हे आपल्या आईनं आपल्याला शिकवलेलं. भाऊराया, आठवतंय ना? ताट पाहून आजी हसल्या आणि नातीला काहीतरी म्हणाल्या. नातीनं सांगितलं, "आमच्याकडेही ताट रिकामं परत करत नाहीत." झालं! तेव्हापासून ते ताट मी तिथं असेन तोवर दोन घरांत फिरत राहिलं. त्या मला 'उख्ती' म्हणतात, म्हणजे बहीण. मीही त्यांना उख्तीच म्हणते. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं शाळामास्तरणीचं. पण हिशोब, किताब, हलवा, खलास, दुनिया असे शब्द दोघींचेही निघाले, तेव्हा फार अडलं नाही. नात मला 'खालतो' म्हणायला लागली. आपल्याकडची खाला तीच ही.

मी शाकाहारी. उख्तींना हे कळलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख पसरलं ते पाहून मलाच अपराधी वाटलं. पाहुणीला मटण वाढायचं नाही म्हणजे काय! पण आठवड्याभरात त्यांनी वाट काढली. त्यांच्या गावाकडच्या रोजच्या जेवणात बिनमटणाचं पुष्कळ असतं. मजद्दरा म्हणजे अख्खा मसूर आणि तांदूळ एकत्र शिजवून वर भरपूर तळलेला कांदा, आपल्या खिचडीची मावसबहीणच. झातर ही एक रानातली पालवी. ती वाळवून, त्यात तीळ, सुमाक आणि मीठ घालून चटणी करतात. पाव आधी तेलात बुडवायचा, मग चटणीत. मी म्हटलं, आम्ही सोलापूरकडचे लोक भाकरीबरोबर शेंगाचटणी आणि तेल खातो ते निराळं काय आहे? सुमाक म्हणजे एका झुडपाच्या आंबट फळांची लालभडक पूड. आमसुलाचं काम ती करते.

आणि मग एके दिवशी त्यांनी रुम्मानिय्या केली. अख्खा मसूर, वांगी, लसूण आणि आंबट डाळिंबाचा रस. रुम्मान म्हणजे डाळिंब. मी सांगोल्याकडची, डाळिंबाच्या मुलखातली. पण डाळिंबाची आमटी होऊ शकते हे मला उभ्या आयुष्यात सुचलं नव्हतं. मी दोनदा वाढून घेतली. उख्ती माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "हे माझ्या आईच्या गावचं. लिद्दचं."

लिद्द कुठं आहे ते मी विचारलं. भूगोलाची शिक्षिका, आणि विचारावं लागलं! तेल अवीवचा आंतरराष्ट्रीय विमानतळ ज्या गावाजवळ आहे ते हे गाव. आता नकाशावर त्याचं नाव लोद. १९४८ च्या जुलै महिन्यात इस्रायली फौजांनी लिद्द आणि शेजारचं रामला ही दोन्ही गावं घेतली आणि तिथल्या पन्नास ते सत्तर हजार माणसांना घराबाहेर काढलं. ऐन उन्हाळा, त्यात रमजान. लिद्दची माणसं पायी पूर्वेकडे निघाली, वाटेत तहानेनं कित्येक मेली. उख्तींची आई त्या वाटेनं चालली तेव्हा सोळा वर्षांची होती. पुढे रामल्लाजवळच्या अल-अमारी छावणीत ती राहिली, तिथं तिचं लग्न झालं, तिथंच उख्ती जन्मल्या. उख्तींनी लिद्द गाव राहण्यासाठी कधी पाहिलंच नाही. लहानपणी आईकडून ऐकलं ते एवढंच, की आमच्या अंगणात आंबट डाळिंबाचं झाड होतं आणि रुम्मानिय्याला त्याच झाडाचा रस लागतो, दुसऱ्याचा चालत नाही.

त्या वर्षी सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले आणि चारशेहून अधिक गावं ओस पडली. अरबीत त्याला नकबा म्हणतात, म्हणजे घोर आपत्ती. त्याच वर्षी ११ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी १९४ क्रमांकाचा ठराव केला, की ज्यांना घरी परतून शेजाऱ्यांबरोबर शांततेनं राहायचंय त्यांना परतू द्यावं. ठराव कागदावरच राहिला. १९६७ च्या युद्धात आणखी काही लाख माणसं उठली. आज संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडे नोंदलेले पॅलेस्टिनी निर्वासित सुमारे ५९ लाख आहेत. आणि मी वर्गात काय शिकवलं? 'पश्चिम आशिया : खनिज तेल व खजूर'. पॅलेस्टाइनचं नाव आलंच तर एका ओळीत, तेही परीक्षेत येत नाही म्हणून पुढे सरकायचं.

आता मुद्द्यावर येते. स्वयंपाकानं नेमकं काय टिकतं?

माझं पहिलं उत्तर भूगोलाच्या बाईचं आहे. स्वयंपाकानं नकाशा टिकतो. उख्तींच्या नातीनं पॅलेस्टाइन पाहिलेलं नाही. पण तिला विचारा. कुनाफा नाबुलसचा, कारण त्याला लागणारं चीज तिथलं. द्राक्षं खलीलची, म्हणजे हेब्रॉनची. संत्री याफाची. वांगी बत्तीरची, जिथल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेताला २०१४ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला. खजूर जेरिकोचा. आणि जेवणात हिरवी मिरची, लसूण आणि शेपू सढळ हातानं पडला की समजायचं, बाई गाझाकडची. मुसख्खन कधी करायचं? नवं तेल निघालं की, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्हची तोडणी झाल्यावर. भट्टीतल्या तापल्या खड्यांवर भाजलेली तबूनची रोटी, त्यावर तेलात मुरलेला ढीगभर कांदा, सुमाक आणि कोंबडी. (मला कोंबडी वगळून!) म्हणजे पोरीला गावं कळली, पिकं कळली, ऋतू कळले. मी तेहतीस वर्षं फळ्यावर नकाशे काढले. इतका पक्का नकाशा एकाही पोराच्या डोक्यात उतरला असेल असं छातीठोक सांगू शकत नाही.

माझं दुसरं उत्तर पाहुणचाराबद्दल आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

निर्वासित म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रांग येते. पिठाची रांग, तेलाची रांग, हातात शिधापत्रिका. जग निर्वासिताकडे कायम घेणारा म्हणून बघतं. उख्ती सांगत होत्या, छावणीत त्यांचं घर म्हणजे एक खोली. संस्थेकडून पीठ, डाळ, तेल मोजून मिळायचं. तरी कुणी दारात आलं की आई 'अहलन व सहलन' म्हणायची आणि कॉफीचं भांडं चुलीवर चढायचं. घरात साखर नसली तर शेजारून यायची. आलेल्याला कळू द्यायचं नाही. लहानपणी उख्तींना याचा राग यायचा. आपल्यालाच पुरत नाही आणि ही वाटत बसते! पुढे त्यांना समजलं, आणि त्यांचं वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय : "दिवसभर आम्ही मागणारे होतो. पाहुणा आला की तेवढा वेळ माझी आई घरमालकीण व्हायची."

हे वाक्य ऐकून मी गप्प झाले. ज्याचं घर गेलंय त्यानं दुसऱ्याला 'या, बसा, घर तुमचंच आहे' म्हणायचं, याला नुसतं अगत्य म्हणता येणार नाही. तो एक हक्क आहे. यजमान असण्याचा हक्क. कुणी त्याचं दार हिसकावून घेतलं तरी 'या' म्हणायचं त्याच्याच हातात राहतं.

त्यांच्याकडे जेवताना 'सहतेन' म्हणतात, म्हणजे तुला दुप्पट आरोग्य लाभो. जेवणारा सुगरणीला म्हणतो, तुझे हात सलामत राहोत. किती साधं आहे हे! आपण म्हणतो 'अन्नदाता सुखी भव'. मुलाकडच्या मुक्कामात मी हे दोन्ही म्हणायला लागले. सून हसायची.

आता भावाच्या आक्षेपाकडे वळते. त्याचं म्हणणं अगदीच चूक आहे असं नाही, आणि आणखीही काही आक्षेप आहेत जे त्यानं घेतले नाहीत पण मला दिसतात. ते लपवून उपयोग नाही.

एक. स्वयंपाकघरातला वारसा जपायचा म्हणजे प्रत्यक्षात बाईनं राबायचं. उख्तींची सून औषधांच्या दुकानात नोकरी करते, संध्याकाळी सातला घरी येते. एका रविवारी आम्ही तिघी द्राक्षाची पानं भरून त्यांच्या वळकट्या करत होतो. दीडशेच्या वर झाल्या असतील. सासूबाई आत गेल्या तशी ती मला हळूच म्हणाली, "आंटी, आमचा सगळा इतिहास माझ्याच मनगटांनी का वळायचा?" मला माझे होळीचे दिवस आठवले. शाळा करून येऊन चाळीस पुरणपोळ्या, आणि पुरुष मंडळी ओसरीवर 'आपली संस्कृती' या विषयावर बोलतायत. मी तिला म्हटलं, तू बरोबर बोलतेस. आणि मग न राहवून उख्तींना हे सांगितलंसुद्धा, सुनेचं नाव न घेता. त्या दोन दिवस जरा घुश्शात होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पंधरा वर्षांच्या नातवाला ओट्यापाशी उभं केलं.

मक्लूबा म्हणजे 'उलटलेली'. तळाशी तळलेला फ्लॉवर आणि वांगी, वर मसाल्याचा भात, आणि शिजल्यावर अख्खं पातेलं परातीवर उपडं करायचं. लगेच उचलायचं नाही, थोडं थांबायचं, बुडावर चापट्या मारायच्या, मग अलगद वर. सगळं घर श्वास रोखून उभं. नातवानं पहिल्यांदा केलं तेव्हा एक बाजू ढासळली. पोरगं कानापर्यंत लाल झालं. आजी म्हणाल्या, "चव तीच आहे." पुढच्या वेळी बरोबर निघाली. माझं मत अगदी स्पष्ट आहे : ज्या वारशाचं ओझं फक्त बायकांच्या खांद्यावर असतं तो एक-दोन पिढ्यांत गळतो. मुली नोकरीला लागतात, त्यांनी लागायलाच हवं, आणि मग आजीबरोबर पातेलंही जातं. मुलग्यांना शिकवा. पॅलेस्टिनी असोत की मराठी.

दोन. भाषा गेली आणि नुसतं खाणं उरलं तर? चिलीमध्ये पॅलेस्टिनी वंशाचे लाखो लोक आहेत. अरब जगाबाहेरची ती सर्वांत मोठी पॅलेस्टिनी वस्ती समजतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बेथलेहेम, बैत जाला, बैत सहूर इथली माणसं, बहुतेक ख्रिस्ती, तिकडे गेली. तुर्की साम्राज्याची कागदपत्रं घेऊन गेली म्हणून तिथले लोक त्यांना तुर्कच म्हणत. त्यांचा 'पॅलेस्टिनो' नावाचा फुटबॉल क्लब १९२० पासून आहे, म्हणजे इस्रायलच्या स्थापनेच्या २८ वर्षं आधीपासून. बहुतेकांची भाषा आता स्पॅनिश झाली, पण भरलेली द्राक्षाची पानं ताटात आहेत. याचा आनंद मानायचा की दुःख? मला वाटतं, जीभ चव सर्वांत शेवटी विसरते. पण चवीबरोबर गोष्ट गेली नाही तर ती नुसती चव राहते, हॉटेलात मिळते तशी. उख्ती रुम्मानिय्या करताना प्रत्येक वेळी झाडाची गोष्ट सांगतात. नात वैतागून म्हणते, "सित्ती, माहितीये." तिला माहितीये, हेच तर हवंय!

तीन. पदार्थ कुणाचा, हे भांडण. मी म्हणत नाही की हम्मस किंवा फलाफल एकट्या पॅलेस्टिनी माणसाचं आहे. त्या सगळ्या टापूत ते खाल्लं जातं, आणि अरब देशांतून इस्रायलला गेलेल्या ज्यू कुटुंबांच्या चुलींवरही अशा पदार्थांच्या आठवणी आहेतच. चव वाटली म्हणून कमी होत नाही. पण ताट घ्यायचं आणि वाढणाऱ्याचं नाव पुसायचं, हे मात्र पाहुण्याला शोभत नाही. १९७७ मध्ये इस्रायलनं रानातला झातर तोडायला बंदी घातली, कारण दिलं वनस्पतिरक्षणाचं. २००५ मध्ये अक्कूब नावाच्या काटेरी रानभाजीलाही तोच नियम लागला. पुढे घरापुरतं तोडायला सूट मिळाली, पण मधल्या काळात रानभाजी खुडली म्हणून म्हाताऱ्या माणसांना दंड झाले. आपल्याकडे श्रावणात रानात जाणाऱ्या आजीला कुणी कोर्टात उभं केलं तर कसं वाटेल?

आणि ऑलिव्हचं काय सांगू. पश्चिम किनारपट्टीत ८० हजार ते एक लाख कुटुंबं त्या झाडांवर कमी-अधिक अवलंबून आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन तोडणीच्या दिवसांत, वसाहतवाल्यांचे २६० हून अधिक हल्ले संयुक्त राष्ट्रांनी नोंदवले. २००६ साली ही मोजणी सुरू झाल्यापासूनचा तो सर्वांत वाईट महिना. मुसख्खनची पाककृती घरोघर पाठ आहे. तेल कुठून आणायचं?

म्हणून भाऊराया, तुझं निम्मं म्हणणं मी मान्य करते. जमिनीची जागा स्वयंपाक घेऊ शकत नाही. 'त्यांची संस्कृती किती सुंदर, किती चविष्ट' असं म्हणत त्यांच्यावरचा अन्याय विसरायचा, हेही एक प्रकारचं फुकट जेवणच.

२०२५ चा उन्हाळा मी तिथंच होते. उख्तींचे मामा १९४८ मध्ये लिद्दहून निघून गाझाला पोचले होते. त्यांची मुलं-नातवंडं तिथंच. त्या दिवसांत शेजारच्या घरातून वासच येईनासा झाला. उख्ती भाजी-पाव करायच्या तेवढंच. म्हणाल्या, "ओट्यापाशी उभी राहिले की हात चालत नाहीत." २२ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्यानं चालणाऱ्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ जाहीर केला. हा दुष्काळ पाऊस न पडल्यानं आलेला नव्हता, हे सांगायला भूगोलाची पदवी लागत नाही. मामेभावाच्या घरची बातमी चार-चार दिवस लागायची नाही. लागायची तेव्हा ती पिठाच्या भावाची असायची.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. रिकाम्या हातानं गेले, ताटही नेलं नाही. मला पाहिल्यावर त्या उठल्या आणि कॉफी ठेवायला आत गेल्या. मी म्हटलं, "उख्ती, आज नको." त्यांनी ऐकलं नाही. कॉफी आली ती बिनसाखरेची. त्यांच्याकडे दुखवट्याला तशी देतात. आम्ही दोघी न बोलता प्यायलो. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "तू आलीस आणि मी कॉफी दिली नाही, तर मग माझ्याजवळ राहिलं काय?"

माझं उत्तर ते हेच आहे. शिजवून देश परत येत नाही. पण दारात आलेल्याला कॉफी देणारी बाई त्या संध्याकाळी निर्वासित नव्हती. लिद्दची होती. तिचं लिद्दचं असणं कुणी ठरावानं दिलेलं नाही, म्हणून कुणाला काढूनही घेता येत नाही. उद्या कधी काही न्याय झालाच, तर तो घ्यायला कुणीतरी लिद्दचं, नाबुलसचं, गाझाचं उरलेलं असायला हवं. ती माणसं आज या चुलींपाशी घडतायत.

ऑक्टोबरमध्ये युद्धबंदी झाल्यावर काही दिवसांनी त्यांच्याकडून ताट आलं. फार काही नव्हतं, मजद्दरा होती. कांदा मात्र नेहमीसारखा भरपूर.

हे जपणारी मंडळी जगभर आहेत, बरं का. विव्हियन सन्सूर या बाईंनी २०१४ मध्ये जुन्या पॅलेस्टिनी बियाण्यांचं ग्रंथालय सुरू केलं. लैला अल-हद्दाद आणि मॅगी श्मिट यांनी 'द गाझा किचन' लिहिलं, रीम कसीस यांचं 'द पॅलेस्टिनियन टेबल' २०१७ मध्ये आलं. पॅलेस्टिनी भरतकाम २०२१ मध्ये आणि नाबुलसचा ऑलिव्ह तेलाचा साबण २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. या सगळ्याचं मोल आहेच. पण उख्तींची नात आता पंधरा-सोळा वर्षांची आहे आणि तिनं एक वही केलीय. आजी 'अंदाजानं घाल' म्हणते तिथं ती आजीच्या मुठीखाली वाटी धरते आणि मग मोजते. माझ्या लेखी सर्वांत मोठी संस्था ती.

करून बघणाऱ्यांसाठी रुम्मानिय्या सांगून थांबते. वाटीभर अख्खा मसूर जिरं आणि थोडे शेपूचे दाणे कुटून घालून शिजवायचा. अर्धा कच्चा असताना एका मोठ्या वांग्याच्या फोडी घालायच्या. मऊ झालं की वाटीभर आंबट डाळिंबाच्या रसात चमचाभर कणीक कालवून ती त्यात सोडायची आणि दाटसर होईपर्यंत ढवळायचं. शेवटी सात-आठ लसूण पाकळ्या ठेचून तेलात परतून वरून घालायच्या, मीठ, तिखट आवडीनुसार. कोमट किंवा गार, पावाबरोबर. आपलं भगवं डाळिंब फार गोड, म्हणून मी लिंबू पिळते. उख्तींना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, चालेल, पण झाडाची गोष्ट सांग जेवणाऱ्यांना.

भाऊराया, रविवारी जेवायला ये. वहिनीला आण, आणि तुझ्या नातवालाही. वांगी त्यालाच चिरायला लावणार आहे. जेवताना गोष्ट ऐकावी लागेल.

आणि हो, निघायच्या गडबडीत ते ताट माझ्याच सामानात आलं. फडताळात समोरच ठेवलंय. पुन्हा जाणं होईल तेव्हा शेंगाचटणी भरून नेईन.